टिपेश्वरचे वानर: हुप्प्या धरून नेला तर काय होतं?

मागच्या भागात आपण चिंपांझींबद्दल बोललो होतो. झांबियातलं चिमफुंशी अभयारण्य, तिथली ज्युली नावाची मादी. तिने कानात गवताची काडी खोचायला सुरुवात केली. काही उपयोग नाही, नुसती हौस. हळूहळू तिच्या गटातल्या बाकीच्यांनी ती फॅशन उचलली, आणि ज्युली गेल्यावरही ती चालू राहिली. मग जपानचा आयुमू. पडद्यावर आकडे सेकंदाच्या पाचव्या भागाइतका वेळ दिसतात, झाकले जातात, आणि हा पठ्ठ्या चढत्या क्रमाने बोटाने दाबत सुटतो. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा कॉलेजातली मुलं त्याच्यापुढे मागे पडली होती. (नंतर भरपूर सराव केलेली माणसंही तिथवर पोचली, हे मी मागच्या वेळी घाईत सांगितलं नव्हतं.)

त्या भागावर सगळ्यात जास्त मेसेज एकाच अर्थाचे आले. भाऊ, चिंपांझी ठीक आहेत, पण आपल्या यवतमाळात वानरं आहेत. ती हुशार आहेत की नुसतीच उपद्रवी?

तर आज वानरं. आपली, काळ्या तोंडाची. लाल तोंडाचं माकड वेगळं, त्याचा विषय आज नाही. आपल्याकडे गावात कोणी 'वानर' म्हणत नाही, 'वांदर' म्हणतात, आणि टोळीतल्या मोठ्या नराला हुप्प्या. एक सोपी ओळख सांगतो, पुढच्या वेळी बघा. आपला वानर चालताना शेपटी पाठीवरून पुढे, डोक्याच्या दिशेने वळवतो. दक्षिणेकडचे वानर शेपटी मागच्या बाजूला वळवून चालतात. या दोन प्रकारांमधली सीमा ढोबळमानाने तापी आणि गोदावरीच्या रेषेवर येते. आपली वर्धा, पैनगंगा, सगळं पाणी शेवटी गोदावरीलाच जाऊन मिळतं, पण आपण तिच्या उत्तरेला. म्हणून आपले पुढे-शेपटीवाले.

आणि जागा म्हणजे टिपेश्वर. पांढरकवड्याजवळचं अभयारण्य, साधारण १४८ चौरस किलोमीटर, १९९७ सालचं. टिपाई मातेवरून नाव पडलं. नागपूर-हैदराबाद हायवेवरून आत वळलं की थोड्याच वेळात सुन्ना गेट. लोक येतात वाघासाठी. इथून निघून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत चालत गेलेला तो वाघ तुम्हाला आठवत असेल, 'वॉकर' नाव पडलं होतं त्याचं. वानरांसाठी कोणी तिकीट काढत नाही. जिप्सी वानराजवळ थांबते ती एकाच वेळी, तो ओरडतो तेव्हा. त्याच्याकडे येतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. चिंपांझीची हुशारी आपल्याला चटकन दिसते, कारण ती हातात असते. १९६० मध्ये जेन गुडॉल यांनी गोंबेच्या जंगलात पाहिलं, चिंपांझी गवताची काडी वारुळात घालतो, वाळव्या चिकटल्या की बाहेर काढून चाटतो. हत्यार वापरणारं जनावर! जगभर गाजलं. आता आपल्या जंगलात वारुळं काय कमी आहेत? जागोजागी आहेत, माणसाच्या उंचीची आहेत. वानर त्यावर चढून बसतो आणि आजूबाजूला बघतो. काडी घालणं त्याच्या डोक्यात येत नाही. हाताचा अंगठाही तोकडाच. मग आपण म्हणतो, जाऊ द्या, हा काही चिंपांझी नाही.

पण त्याला वाळव्या कशाला पाहिजेत? चिंपांझीला पिकलेली फळं लागतात, ती जंगलात विखुरलेली असतात, वर्षभर पुरत नाहीत, म्हणून त्याला युक्त्या कराव्या लागतात. वानराने तो प्रश्न पोटात सोडवलाय. त्याच्या जठराला कप्पे असतात, आणि त्यात जिवाणू राहतात. ते पानांमधला चोथा आंबवून त्याचं अन्न करतात. तत्त्व गाईचंच, फक्त रवंथ नाही. त्यामुळे जून पानं, कच्ची फळं, बिया, आपल्याला तोंडात धरवणार नाही असं बरंच काही त्याला चालतं. दुपारी बाराला झाडाच्या फांदीवर पाय सोडून डुलक्या काढणारा वानर आपल्याला आळशी दिसतो. त्याच्या पोटात त्या वेळी भट्टी लागलेली असते. तेव्हा तो धावपळ करत नाही एवढंच.

दिवस असा जातो. रात्री उंच झाडावर झोप, बहुतेक करून नाल्याकाठच्या. थंडीत उजाडल्यावर आधी ऊन. छाती उन्हाकडे करून, हात गुडघ्यांवर ठेवून बसतात, अगदी पारावरच्या म्हाताऱ्यांसारखे. मग खाणं, अकरापर्यंत. मग सावली, झोप, आणि एकमेकांचे केस विंचरणं. आपण त्याला उवा काढणं म्हणतो. त्यात उवा-गोचिडाइतकंच नातं सांभाळणं असतं. चार वाजता पुन्हा खाणं, अंधाराआधी झाडं. यात हुशारी कुठे? खाण्याच्या यादीत. फाल्गुनात पळस, चैत्रात मोहाची फुलं, मग टेंभरं, उंबर, पावसाच्या आधी कोवळी पालवी. दोन पिंपळ शेजारी असले तरी एकाच दिवशी पालवत नाहीत. टोळी सकाळी उतरते आणि सरळ त्या दिवशीच्या झाडाकडे जाते, भटकत नाही. हे सगळं कोणाच्या तरी डोक्यात असतं. कोणाच्या, ते पुढे महत्त्वाचं होणार आहे, लक्षात ठेवा.

आता ओरडणं. टिपेश्वरच्या गाइडला विचारा, तो सांगेल, चितळाचा कॉल आला तर मी कान देतो, वानराचा आला तर गाडी वळवतो. चितळ पाल्यात काही खुसपुसलं तरी ओरडतं. वानर वरून बघतो, आणि बहुतेक वेळा बघूनच ओरडतो. खक्, खक्, खोकल्यासारखा आवाज. त्यातही बिबट्याचा राग जास्त, कारण तो झाडावर येतो.

चितळ आणि वानर यांची ही जोडी कोणी ठरवून लावलेली नाही, पण पक्की आहे. कान्हाच्या जंगलात १९८०च्या दशकात पॉल न्यूटन नावाच्या अभ्यासकाने ती नीट मोजली. वानर खाताना फार सांडतो. अर्धं पान खाल्लं, फेकलं. फळ चावलं, टाकलं. खाली चितळ वाट बघत असतात. वर डोळे, खाली नाक. खाण्याच्या हिशेबात चितळांचा फायदा जास्त, हे उघड आहे. वानराला ते खाली असल्याचा त्रास तर नाहीच, गवतातून सरकत येणाऱ्याचा वास लागणारं एक जास्तीचं नाक मिळतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, थोडं सहन करा. आम्ही एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला निरोप पाठवतो तेव्हा पाठवून मोकळं होता येत नाही. समोरून पोच यावी लागते. पोच नाही आली तर पुन्हा पाठवायचं. दहा ठिकाणी पाठवला असेल तर कोणाची आली, कोणाची राहिली, याची यादी ठेवायची. यादी ठेवणं हेच अवघड काम, नव्या पोरांचं इथेच चुकतं. तर सुमात्रात आपल्या वानराचा एक दूरचा भाऊ आहे, थॉमसचा लंगूर. तिथल्या अभ्यासकांनी वाघाचं सोंग त्यांना दाखवलं. टोळीतला नर ओरडायला लागला. आणि तो थांबला कधी? टोळीतल्या प्रत्येकाने किमान एकदा तरी उलट आवाज दिल्यावर. तोपर्यंत तो ओरडतच राहिला. म्हणजे कोण बोललं आणि कोण बोलायचं राहिलं, हे त्याच्या ध्यानात होतं. २००६ मध्ये हे छापून आलं. मी वाचलं तेव्हा हसू आलं, कारण त्याच आठवड्यात आमच्या टीममध्ये पोचेवरूनच भांडण झालेलं.

हे सांगितलं कारण वानराची अक्कल शोधायची तर त्याच्या हातात शोधून काही मिळणार नाही. ती दुसऱ्याकडे बघण्यात आहे. वाघ कुठे बघतोय, चितळ का थांबलं, पिल्लू कोणाकडे आहे, हुप्प्याचा मूड काय. आणि वावराच्या धुऱ्यावर, माणूस काय करतोय.

टोळी म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण गावातले सगळे उपाय याच एका गोष्टीवर येऊन फसतात. आपल्याला हुप्प्या दिसतो. मोठा, बसका, सगळ्यात पुढे दात दाखवणारा. म्हणून वाटतं, टोळी त्याची आहे. प्रत्यक्षात टोळी बायांची असते. आजी, मुली, मावश्या, नाती. ज्या टोळीत जन्मल्या तिथेच मरतात. नर मोठे झाले की बाहेर पडतात, आणि इतर सड्या नरांबरोबर हिंडतात. गावाबाहेर पाच-सात-दहा नरांचं जे टोळकं दिसतं ना, एकही पिल्लू नसलेलं, ते हे. संधी मिळाली की त्यांच्यातला एखादा एखाद्या टोळीवर चालून जातो, जुन्या हुप्प्याला हाकलतो, आणि काही वर्षं तिथे राज्य करतो. मग त्याचीही पाळी येते.

पिल्लू जन्मतं तेव्हा काळपट केसांचं आणि गुलाबी तोंडाचं असतं. पहिल्याच दिवशी, काही तासांत, ते दुसऱ्या माद्यांच्या हातात जातं. इकडून तिकडे फिरतं, अगदी बारशातल्या बाळासारखं. काही जणी नीट धरतात, काही पोट्ट्या उलटंच धरतात, ते किंचाळतं, मग आई येऊन ओढून नेते. आई तेवढ्या वेळात पोटभर खाऊन घेते. आणि मान कोणाला, तर तरुण माद्यांना. वय वाढलं की मान उतरत जातो. आपल्याकडे सासूबाईंचा जो थाट असतो त्याच्या बरोब्बर उलट.

आणि आता ती वाईट गोष्ट. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा नावाचे जपानी अभ्यासक धारवाडच्या जंगलात वानरं बघत होते. त्यांनी पाहिलं, नवा नर टोळी जिंकतो आणि अंगावरची पिल्लं एकेक करून मारतो. तेव्हा बऱ्याच जणांना ती विकृती वाटली, गर्दीमुळे डोकं फिरलं असेल असं. मग १९७१ पासून सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर हीच वानरं बघितली आणि वेगळा हिशेब मांडला. दूध पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही. पिल्लू गेलं की येते. नव्या नराकडे वेळ थोडा असतो. आधीच्याच्या पिल्लांची वाट बघत बसला तर त्याची स्वतःची पिल्लं व्हायच्या आत पुढचा येईल. या मांडणीवर वर्षानुवर्षं वाद झाले. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांचा डीएनए तपासला गेला, ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं: ज्या नरांनी पिल्लांवर हल्ले केले, ती पिल्लं त्यांची नव्हती.

माद्या हे नुसतं बघत बसत नाहीत. आधीच गाभण असलेली मादी नव्या नराला माजावर असल्यासारखी सामोरी जाते. मान हलवते, जवळ जाते. नंतर पिल्लू झालं की त्याला ते आपलंच वाटण्याची शक्यता राहते. हर्डींनी याची नोंद केली आहे. आणि पिल्लावर नर धावून गेला की मध्ये कोण पडतं? बऱ्याचदा म्हाताऱ्या. ज्यांना एरवी कोणी झाडाची बरी फांदीही देत नाही, त्या दात विचकून त्याच्या अंगावर जातात, त्याच्यापेक्षा कितीतरी हलक्या असून. मला वानरांबद्दल एवढं वाचून सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते हेच.

आता गावाकडे. माझ्या मामाचं वावर अभयारण्यापासून फार लांब नाही. गावाचं नाव घेत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. कापूस, मध्ये तूर, ओलितावर थोडा हरभरा. वानरं कापसाला फार त्रास देत नाहीत. तुरीला शेंगा भरल्या की येतात आणि हरभऱ्याचे शेंडे खुडतात. रानडुकराला झटका मशीनची तार आहे. वानराला तार म्हणजे उडी मारायला एक जागा. डुक्कर रात्री येतं, वानर दिवसा. म्हणजे रात्रीची जागल करून आलेल्या माणसाने दिवसाही राखण करायची. ती कोण करणार? मजूर लावावा तर तुरीचे पैसे मजुरीत जातात. मग घरातली बाई जाते, तिचा दुसरीकडचा रोज बुडतो. नाहीतर पोरगं जातं, त्याची शाळा बुडते. शहरात बसून 'वानरं बिचारी' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. मी हे वानरांच्या बाजूने बोलतोय तरी सांगतोय.

तर गावात ठरायला आलं होतं की बाहेरून माकडं धरणारा आणायचा आणि हुप्प्या उचलायचा. मामाचा फोन आला. म्हणे, "बापू, हुप्प्या गेला का टोयी आपोआप जाते म्हन्तेत. खरं हाये काय? वर्गणी देऊ का नोको?"

वनखात्याच्या परवानगीशिवाय धरणं हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला माहीत होतं. तो विचारत होता ते वेगळंच. उपाय लागू पडेल का?

मी त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. हुप्प्या उचलला की टोळी जात नाही. ती कुठे जाईल? बाया त्याच जागेच्या आहेत. तुमच्या तुरीला शेंगा कधी भरतात, धुऱ्यावरच्या कोणत्या कडूनिंबावरून उडी मारली की थेट वावरात पडतो, राखणदार किती वाजता भाकर खायला जातो, हे सगळं म्हाताऱ्या माद्यांना माहीत आहे, आणि त्यांच्याबरोबर हिंडून हिंडून पोरींना. हुप्प्या बाहेरून आलेला जावई. त्याला वाटा त्यांनीच दाखवल्या. त्याला नेलं की जागा मोकळी होते, आणि बाहेर सडे नर टपलेलेच असतात. त्यांच्यातला एक येतो. मग धारवाडला आणि अबूला जे झालं ते तुमच्या वावरात होतं. काळी पिल्लं जातात, माद्या लवकर माजावर येतात, साडेसहा महिन्यांनी पुन्हा पिल्लं. पुढच्या हंगामाला तुरीवर तोंडं जवळपास तेवढीच. वर्गणी गेली, आणि पिल्लं मेलेली बघायला मिळाली.

मग सगळी टोळीच नेली तर? नेऊन सोडणार कुठे? ज्या जंगलात सोडाल तिथे आधीच टोळ्या आहेत, त्या यांना हाकलतात, मग ही मंडळी तिथल्या कोणाच्या तरी वावरात उतरतात. इकडे मोकळ्या झालेल्या कडूनिंबांवर शेजारची टोळी सरकते. तिला तुमची तूर माहीत नसते, हे खरं. शिकायला फार दिवस लागत नाहीत, हेही खरं.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे म्हाताऱ्याच बदमाश हायेत."

तसं म्हणा. पण बदमाश हा शब्द जरा जपून. आठवतंय का, डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लऊळला काय झालं? वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती, पिल्लं मरत होती. बातम्यांत आकडा अडीचशेपर्यंत चढला, आणि गोष्ट झाली सूडाची. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी ठरवून बदला घेतला. परदेशी वाहिन्यांपर्यंत गेलं ते. शेवटी वनखात्याने दोन वानरं पकडून नेली. आता, वानर दुसऱ्याचं पिल्लू उचलतो, कवटाळतो, घेऊन फिरतो, हे मी आत्ताच सांगितलं. वानराचं पोर फांदीला धरून राहतं, भूक लागली की आईकडे परत जातं. कुत्र्याचं पिल्लू पत्र्यावर किंवा फांदीवर ठेवलं की उपाशी राहतं नाहीतर पडतं. मला सूडापेक्षा हे जास्त पटतं. हिंदी सिनेमा आपण बघतो, वानर बघत नाही.

फटाक्यांचंही तसंच. पहिल्या दिवशी फटाका फुटला की टोळी पळते. चौथ्या दिवशी झाडावर चढून बघते. आठव्या दिवशी मान वळवते आणि शेंगा सोलत राहते. मामाचं यावर एक वाक्य आहे, मला त्याच्यापेक्षा बरं सांगता येणार नाही: "आवाजाले दात नसतेत, हे वांदराले आपल्याआंधी समजते." वाघाच्या डरकाळीचं रेकॉर्डिंग लावून बघितलं, बाजारात तसे भोंगे मिळतात. काही दिवस चाललं. वाघ रोज त्याच जागेवरून, तेवढ्याच वेळाने, तसाच ओरडतो, आणि एकदाही दिसत नाही, हे वानराला कळणारच की. वर डोळे ठेवून जगणारं जनावर आहे ते. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात एका शेतकऱ्याने २०१९ मध्ये माकडांना पळवायला चक्क कुत्र्याला वाघासारखे पट्टे रंगवले होते. आणि दिल्लीत २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी लाल तोंडाच्या माकडांना भिववायला आपल्या काळ्या तोंडवाल्यांचे कटआउट उभे केले होते, सोबत वानरासारखा आवाज काढणारी माणसं. म्हणजे आपल्या वानराला राजधानीत सरकारी कामावर फोटो लागलाय, आणि इकडे ग्रामसभेत त्याच्याविरुद्ध ठराव.

मामीचा अनुभव वेगळाच. ती राखणीला गेली की वानरं निवांत असतात, मामा दिसला की उठतात. तिने मग मामाचा शर्ट आणि टोपी घालून बघितली. दोन दिवस लागू पडली. तिसऱ्या दिवशी, तिच्या शब्दांत, "चालीवरून वयखलं मेल्यायनं."

यात दुसरी एक बाजू आहे, तिच्याबद्दल गावात कोणी बोलत नाही. शनिवारी मारुतीच्या देवळापुढे केळी, बिस्किटं, चणे टाकतात. हायवेवर गाड्या थांबवून पाव देतात, पोरांचे फोटो काढतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, माझी आजीही टाकायची. पण पानं आंबवणाऱ्या पोटात एकदम भरपूर साखर गेली की आत आम्ल वाढतं, तिथले जिवाणू बिघडतात. आणि त्याहून मोठं म्हणजे वानर शिकतो. माणसाचा हात म्हणजे खाणं, डांबरी रस्ता म्हणजे खाणं. शनिवारी ज्याच्या हातून केळं घेतलं त्याला सोमवारी वावरात का घाबरायचं? दोन्हीकडे माणूस तोच. आणि रस्त्याच्या कडेला चिरडलेली वानरं तुम्ही पाहिली असतील.

मग काही चालतं का? थोडंफार. ते कंटाळवाणं आहे, म्हणून त्याचा व्हिडिओ कोणी बनवत नाही. मामा आणि शेजारच्या दोघांनी वर्गणी दिली नाही. तिघांची वावरं लागून आहेत, त्यांनी पाळी लावली. शेंगा भरण्याच्या दिवसांत उजाडायच्या आत एक माणूस हजर, म्हणजे टोळी झाडावरून उतरायच्या आधी. खाऊन झाल्यावर हाकललं तर तिला तोटा काहीच नाही. खायच्या आधी हाकललं तर सकाळ वाया जाते, आणि ती दुसरीकडे बघते. वेळा रोज बदलायच्या, जागा बदलायची. गोफण आहे, एक कुत्रा आहे, न रंगवलेला. धुऱ्यावरच्या कडूनिंबाच्या वावरात झुकलेल्या दोन फांद्या छाटल्या. भाकर खायला दोघांनी एकदम जायचं नाही, हा नियम मामीने घातला. नुकसान थांबलेलं नाही. मामा म्हणतो, कमी आहे. किती कमी ते कोणी मोजलेलं नाही, आणि राखणीचे दिवस धरले तर हिशेब अजून तोट्यातच आहे.

धरणाऱ्याचा विषय ग्रामसभेत पुन्हा येणार आहे, कारण गावाच्या दुसऱ्या बाजूला संत्र्याची बाग असलेल्यांचं नुकसान मामापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि झाडांना पाळीने राखण पुरत नाही. त्यांना माझं बोलणं पटलेलं नाही. सध्या टोळीत तीन काळी पिल्लं आहेत, मामीने मोजली.

पुढच्या भागात रानडुकरं. झटका मशीनबद्दल ज्यांना अनुभव असेल, कोणती बॅटरी, किती एकराला, पावसाळ्यात चालते का, त्यांनी आवाजी मेसेज पाठवा. वऱ्हाडीत बोललात तरी चालेल, बोलाच.